जीपीएस नसलेल्या खाणीत गाडी नेमकी कुठे आहे? नव्यांसाठी पायरीपायरीने

भूमिगत खाणीत नवीन रुजू झालेल्या इंजिनिअरच्या गळ्यात हे काम बहुतेक वेळा न मागता पडतं. गाड्यांवर टॅग लावलेले असतात, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ठिपके हलत असतात, आणि कोणीतरी विचारतं, "स्क्रीनवर एलएचडी तीन नंबरच्या क्रॉसकटमध्ये दिसतोय, ऑपरेटर म्हणतो मी चारमध्ये आहे. खरं कोणाचं?" (एलएचडी म्हणजे माल भरून नेणारी बुटकी लोडर गाडी, क्रॉसकट म्हणजे दोन बोगद्यांना जोडणारा आडवा बोगदा.) बहुतेक वेळा ऑपरेटरचं खरं असतं. स्क्रीनचं खरं ठरावं यासाठी काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी जीपीएसचा विषय संपवू. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हाच इतका क्षीण असतो की काँक्रीटच्या छताखालीही रिसीव्हरची तारांबळ उडते. डिकलाइनच्या, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या मुख्य बोगद्याच्या, तोंडातून गाडी थोडी आत गेली की तो संपलाच. म्हणून तोंडापाशी घेतलेलं जीपीएस रिडिंग ही फक्त सुरुवात. त्यापुढचं सगळं आपल्यालाच मोजायचं.

उदाहरण म्हणून डोळ्यासमोर ठेवतोय ती रूळ नसलेली, डिकलाइनने खाली उतरणारी धातूची खाण. राजस्थानातल्या रामपुरा आगुचा किंवा सिंदेसर खुर्द इथल्या जस्त-शिशाच्या खाणी या प्रकारच्या. नागपूरच्या व्हीएनआयटीतून किंवा विदर्भातल्या पॉलिटेक्निकांतून मायनिंग करून बाहेर पडलेली बरीच मुलं अशा खाणींत जातात. तिथे माल भरून नेणारा एलएचडी आणि बुटका डंपर, म्हणजे एलपीडीटी, ही मुख्य वाहनं. कोळशाच्या खाणीचे नियम वेगळे आहेत, त्याबद्दल शेवटाकडे.

पायरी १ : किती अचूक हवंय, ते आधी लिहून काढा

विक्रेता आला की पहिलं वाक्य असतं, "आमची सिस्टिम तीस सेंटिमीटर अचूक आहे." तुमचा पहिला प्रश्न असायला हवा, "कशासाठी?" गरज ठरवल्याशिवाय खरेदी केलेली सिस्टिम एकतर नको तितकी महाग पडते, नाहीतर नेमक्या कामाला अपुरी.

आग लागली आणि कोण कुठल्या लेव्हलला (खाणीच्या मजल्याला) आहे एवढंच कळायला हवं असेल, तर कोणती लेव्हल, कोणत्या दोन जंक्शनांमध्ये, इतकं पुरतं. पन्नास मीटर इकडेतिकडे झाले तरी बचाव पथकाचं काम अडत नाही. पण लेव्हल मात्र चुकता कामा नये.

डिकलाइनवर एकेरी वाहतूक असते, समोरून भरलेला डंपर वर येत असतो आणि रिकाम्याने पासिंग बेमध्ये, म्हणजे बाजूला कोरलेल्या थांब्यात, थांबायचं असतं. इथे पाच-दहा मीटरचं ज्ञान लागतं आणि ते ताजं लागतं. गाडी ताशी १८ किलोमीटरने चालली तर सेकंदाला ५ मीटर जाते. माहिती दोन सेकंद उशिरा आली तर सेन्सर कितीही भारी असला तरी तुम्ही १० मीटरने चुकलातच.

माल कोणत्या ड्रॉपॉइंटवरून (फोडलेला माल खाली येऊन पडतो त्या जागेवरून) उचलला याची नोंद हवी असेल तर शेजारशेजारच्या ड्रॉपॉइंटमधल्या अंतराच्या निम्म्याहून चूक कमी हवी. अंतर १५ मीटर असेल तर साडेसात मीटरच्या आत, तेही दर खेपेला. इथे एकदा गल्लत झाली की ग्रेडचा, म्हणजे मालातल्या धातूच्या प्रमाणाचा, हिशेब बिघडतो आणि ते महिनाअखेरीला कळतं.

गाडी ऑपरेटरशिवाय चालवायची असेल तरच सेंटिमीटरची भाषा सुरू होते. पण त्यातही एक गंमत आहे. गाडी भिंतीला घासू नये म्हणून तिला नकाशावरचा बिंदू कळायची गरजच नसते. दोन्ही भिंती किती लांब आहेत एवढं कळलं की पुरे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या रॉबर्ट्स, डफ आणि कॉर्क यांनी २००० च्या सुमारास एलएचडी याच कल्पनेवर चालवून दाखवला: भिंती पाहत सरळ जायचं, आणि पुढचं वळण कोणतं एवढंच ढोबळ लक्षात ठेवायचं. म्हणजे भिंतीपासूनचं अंतर बारीक हवं, पण बोगद्याच्या लांबीवरचं स्थान काही मीटर हललं तरी चालतं. हे दोन आकडे वेगळे लिहा. 'अचूकता' असा एकच रकाना ठेवला की वाद तिथूनच सुरू होतात.

तुलनेसाठी एक आकडा. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने २०१८ ते २०२१ मध्ये भूमिगत रोबोंची स्पर्धा घेतली. तिच्यात सापडलेल्या वस्तूचं स्थान खऱ्या जागेपासून ५ मीटरच्या आत सांगितलं तरच गुण मिळत होते. जगातल्या उत्तम संघांनाही हे सहज जमलं नाही.

पायरी २ : सेन्सरच्या आधी सर्व्हेअरकडे जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझं स्पष्ट मत आहे की या कामातला निम्मा वेळ सर्व्हे ऑफिसात जायला हवा. कारण सरळ आहे: गाडीचं स्थान तुम्ही बोगद्यात ठोकलेल्या खुणांच्या आधाराने काढणार, आणि त्या खुणांचं स्थान सर्व्हेअरने दिलेलं असणार. त्याच्या आकड्यात दोन मीटरची चूक असेल तर तुमच्या दहा सेंटिमीटरवाल्या यंत्राची लाज तो राखणार नाही.

ती चूक येते कुठून, हे समजून घ्या म्हणजे सर्व्हेअरशी बोलायला तोंड राहील. शाफ्टच्या (विहिरीसारख्या उभ्या वाटेच्या) खाणीत पृष्ठभागावरची दिशा खाली न्यायची पारंपरिक पद्धत म्हणजे शाफ्टमधून दोन तारा वजन लावून सोडायच्या आणि खाली त्या दोन तारांना जोडणारी रेघ ही दिशा धरायची. तारांमधलं अंतर समजा ४ मीटर. हवेच्या झोताने एक तार फक्त १ मिलिमीटर सरकली, तर दिशेत चूक झाली ४००० मध्ये १. तिथून २ किलोमीटर लांबच्या फेसपर्यंत (खोदकाम चालू असलेल्या टोकापर्यंत) ती चूक ५० सेंटिमीटरची होते. एका मिलिमीटरची किंमत अर्धा मीटर! म्हणून मोठ्या खाणींत मधूनमधून जायरोथिओडोलाइटने (खरी उत्तर दिशा शोधणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) दिशा नव्याने तपासतात. डिकलाइनच्या खाणीत तारांची भानगड नसते, पण वळणावळणाने खाली नेलेल्या ट्रॅव्हर्समध्ये (एका खुणेवरून पुढची खूण मोजत नेलेल्या साखळीत) प्रत्येक स्टेशनची, म्हणजे खुणेची, छोटी चूक पुढच्यात मिसळत जाते.

सर्व्हेअरकडून या गोष्टी मागून घ्या. छतातल्या कोणत्या सर्व्हे स्टेशनवर भरवसा ठेवायचा आणि कोणत्या कामचलाऊ आहेत, ते. खाणीचं ग्रिड कोणतं, त्याची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेपासून किती वळलेली, ते. आरएल, म्हणजे बिंदूची उंची, कशापासून मोजलाय, तेही; समुद्रसपाटीखाली गेलं की उणे आकडे येतात आणि ते टाळायला काही ठिकाणी सरसकट हजार मिळवून ठेवतात, जे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. जुने प्लॅन एव्हरेस्ट स्फेरॉइडवर आणि नवे डब्ल्यूजीएस-८४ वर (पृथ्वीचा आकार धरायची ही दोन वेगळी मापं) असतील तर ते एकमेकांवर आपोआप बसणार नाहीत. हे सगळं एका पानावर लिहून त्यावर सर्व्हेअरची सही घ्या. पुढे भांडण झालं तर हेच पान कामाला येतं.

आणि चुंबकीय होकायंत्र आणलंच असेल तर पिशवीत ठेवा. गाडी पोलादाची, छतात रूफ बोल्ट आणि जाळी. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीत तर खनिजच मॅग्नेटाइट आहे.

पायरी ३ : गाडीला स्वतःचा हिशेब ठेवायला शिकवा

आता गाडीवर या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे चाकं किती फिरली आणि गाडी कोणत्या दिशेला वळली. पहिलीसाठी एन्कोडर (चाकाच्या फेऱ्या मोजणारा), दुसरीसाठी जायरो (वळणं मोजणारा). यावरून 'मागच्या जागेपासून आता कुठे' हे दर क्षणी काढता येतं. ही पद्धत वीजतारा, रेडिओ, दिवे काहीही मागत नाही. तिचा दोष एकच: चूक साठत जाते.

चाकाकडे जवळून बघू. मोठ्या एलएचडीच्या टायरचा बाहेरचा व्यास १.७५ मीटर धरा. एका फेरीत साधारण ५.५ मीटर. टायरचा रबर झिजून त्रिज्या ३ सेंटिमीटरने कमी झाली की व्यास ६ सेंटिमीटरने घटतो, म्हणजे जवळजवळ साडेतीन टक्के. गाडी १ किलोमीटर गेली तर हिशेबात सुमारे ३५ मीटर जास्त दिसणार. खाणीतल्या खडकावर टायर पटापट झिजतात, शिवाय बकेट भरली की टायर दबतो आणि त्रिज्या आणखी बदलते. म्हणून टायरच्या कंपनीच्या कागदातला व्यास वापरू नका. सरळ ड्राइव्हमध्ये (आडव्या बोगद्यात) दोन सर्व्हे स्टेशनांमधलं माहीत असलेलं अंतर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीने चालवा आणि एका फेरीचं खरं अंतर काढा. टायर बदलला की पुन्हा.

दुसरी खोड घसरण्याची. एलएचडी मालाच्या ढिगात बकेट घुसवतो तेव्हा चाकं जागच्या जागी फिरतात. चांगला ऑपरेटर हे टाळतो, कारण टायर फाटतो. पण पूर्ण टळत नाही. त्या काही सेकंदांत एन्कोडर सांगतो गाडी चार मीटर पुढे गेली, आणि गाडी असते तिथेच. उपाय असा की हायड्रॉलिक प्रेशर आणि बकेटची हालचाल पाहून 'आता भरणं चाललंय' हे ओळखायचं आणि तेवढा वेळ चाकाच्या आकड्याला किंमत द्यायची नाही.

तिसरी गोष्ट उताराची. चाक उतारावरचं तिरकं अंतर मोजतं, प्लॅनवर असतं ते आडवं अंतर. ७ ला १ अशा डिकलाइनवर १०० मीटर चाललं की आडवं अंतर ९९ मीटर भरतं आणि गाडी १४.१ मीटर खाली जाते. एक मीटर म्हणून सोडून द्याल, पण ३ किलोमीटरच्या डिकलाइनवर तो फरक ३० मीटर होतो, म्हणजे एखादं जंक्शन चुकण्याइतका. गाडीचा झुकाव सेन्सरने मोजा आणि हिशेबात धरा.

खोली मोजायला हवेच्या दाबाचा सेन्सर लावू, असा सल्ला कोणीतरी देईलच. पृष्ठभागावर ठीक आहे. खाणीत मुख्य पंखा चालू-बंद झाला, कुणी व्हेंटिलेशन डोअर उघडलं, की दाब शंभर-दोनशे पास्कलने सहज हलतो, आणि १०० पास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर उंची. दार उघडलं म्हणून स्क्रीनवरची गाडी एकदम वरच्या लेव्हलकडे सरकलेली दिसेल.

जायरोचा प्रश्न नाजूक आहे. दिशेत अर्ध्या अंशाची चूक २०० मीटरवर पावणेदोन मीटर आडवी नेते. स्वस्त जायरो गाडी उभी असतानाही किंचित फिरल्याचं सांगत राहतो. त्यात भर म्हणून पृथ्वीच फिरतेय: तासाला १५ अंश. नागपूरच्या अक्षांशावर उभ्या अक्षाच्या जायरोला त्यातले साधारण ५.४ अंश दिसतात, किरुनाला जवळपास १४. नागपूरजवळच्या एखाद्या खाणीत हे वजा केलं नाही तर दहा मिनिटांत ०.९ अंश चूक आयती मिळते. सोपा उपाय म्हणजे गाडी खरोखर थांबलेली असताना जायरो जे दाखवतो ते शून्य धरायचं. डंपर भरायला थांबतो, एलएचडी ओअर पासवर (माल खाली सोडायच्या भोकापाशी) थांबतो. अशा प्रत्येक थांब्याचा फायदा घ्या. त्यात पृथ्वीचं फिरणंही जातं आणि सेन्सरची खोडही. मात्र 'थांबली' हे नीट ओळखा.

एलएचडीची आणखी एक खासियत विसरू नका. तो मधोमध बिजागरावर वळतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तरी पुढच्या धडाची दिशा बदलते. जायरो मागच्या धडावर असेल तर त्याला त्याची पुरती दाद नसते. बिजागरापासून बकेटचं टोक ५ मीटर पुढे असेल आणि वळण ४० अंशांचं असेल, तर ते टोक गाडीच्या मागच्या धडाच्या रेषेपासून ३.२ मीटर बाजूला जातं. म्हणून बिजागराच्या कोनाचा सेन्सर लावा, आणि स्क्रीनवरचा ठिपका म्हणजे गाडीचा नेमका कोणता भाग, हे ठरवून सगळ्यांना सांगा.

पायरी ४ : वाटेत खुणा ठोका

साठत जाणारी चूक झटकायला बाहेरचा आधार लागतो. एसटीच्या ड्रायव्हरला किलोमीटरचा दगड दिसला की अंदाज पक्का होतो, तसं.

सगळ्यात साधी खूण म्हणजे आरएफआयडी टॅग. टॅग भिंतीत, रीडर गाडीवर किंवा उलट. गाडी जवळून गेली की 'अमुक टॅग ओलांडला' एवढंच कळतं. पण चाकाचा हिशेब चांगला असेल तर दर दीडशे-दोनशे मीटरला अशी एक खूण वाहतुकीच्या आणि ड्रॉपॉइंटच्या कामाला पुरते. मला विचाराल तर नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. स्वस्त आहे, बिघडलं तर लगेच कळतं, आणि खाणीतल्या लोकांना समजतं.

वायफायच्या सिग्नलची ताकद मोजून अंतर काढायच्या फंदात फारसं पडू नका. बोगद्यात तरंग भिंतींवरून आपटत जातात; गाडी दोन मीटर पुढे सरकली तर ताकद वाढू शकते आणि डंपर मध्ये आला तर एकदम पडते. 'या भागात आहे' इतपत ठीक.

जास्त बारीक हवं असेल तर अल्ट्रा वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी. यात अंतर सिग्नलच्या ताकदीवरून न काढता वेळेवरून काढतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वेळ नॅनोसेकंदाच्या अंशात मोजावी लागते. समोरासमोर दिसत असेल तर दहा ते तीस सेंटिमीटर अचूकता खरोखर मिळते. पण बारकावे सांभाळले तरच.

पहिला बारकावा घड्याळांचा. गाडीवरचा टॅग विचारतो, भिंतीवरचा अँकर (पक्क्या जागी बसवलेलं उपकरण) ठराविक वेळाने उत्तर देतो. उत्तराला १ मिलिसेकंद लागला आणि दोघांच्या घड्याळांत दहा लाखात दहा भाग एवढाच फरक असला, तरी अंतरात दीड मीटरची चूक येते. म्हणून एकाच फेरीवर न थांबता उलटसुलट दोन फेऱ्यांची पद्धत वापरतात. त्यात हा फरक जवळजवळ कटतो. खरेदी करताना हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरा भूमितीचा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. बोगदा अरुंद असतो, त्यामुळे सगळे अँकर जवळजवळ एका रेषेत येतात. अँकर ५० मीटर पुढे आहे आणि गाडी भिंतीपासून १ मीटरवरून २ मीटरवर सरकली, तर अँकरपर्यंतच्या अंतरात फरक पडतो फक्त ३ सेंटिमीटर. यंत्राची स्वतःची चूकच दहा सेंटिमीटर, मग तो फरक दिसणार कसा? थोडक्यात, यूडब्ल्यूबी बोगद्याच्या लांबीवर उत्तम आणि रुंदीवर जवळपास आंधळं. दोन्ही अँकर एकाच भिंतीवर असतील तर गाडी त्या रेषेच्या डावीकडे की उजवीकडे हेही त्याला कळत नाही. म्हणून बोगद्यात दोन आकड्यांचं स्थान मागूच नका. मधल्या रेषेवरून किती पुढे, हा एकच आकडा घ्या आणि प्लॅनवरच्या रेषेवर बसवा. जंक्शनवर मात्र तीन-चार अँकर वेगवेगळ्या तोंडांना लावा, कारण गाडी कोणत्या फाट्याला गेली हे तिथे ठरतं.

तिसरा: सिग्नल आडोशाने किंवा आपटून आला तर मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा नेहमी जास्तच येतं, कमी कधीच नाही. हे लक्षात ठेवलं तर खराब रिडिंग ओळखणं सोपं जातं.

अँकर लावताना छताजवळ लावा, पण बकेट वर केलेली गाडी आणि उंच भरलेला डंपर यांच्या वाटेत नको. व्हेंट डक्टच्या (हवा नेणाऱ्या नळाच्या) मागे नको. डक्ट कापडाचा असला तरी पोलादाच्या कड्या आणि वायर असतात. वळणावर अंतर कमी ठेवा, कारण समोरासमोर दिसणं संपलं की सगळं संपलं. आणि लावल्यावर प्रत्येक अँकरचं स्थान सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) घ्या. टेपने मोजून प्लॅनवर टिंब देणं हे काम नव्हे. अँटेनामुळे लागणारा जादा वेळही अंतरात मिसळतो. माहीत असलेल्या अंतरावर उभं करून तो एकदा वजा करून घ्या.

पायरी ५ : लिडार, गरज असेल तरच

ऑपरेटरशिवाय गाडी चालवायची असेल तर लिडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर, लागतोच. तो भिंतींचा आकार पाहतो आणि आधी बनवलेल्या नकाशाशी जुळवतो. व्यापारी पातळीवर हे नवं नाही. चिलीतल्या एल तेनिएन्ते खाणीत सँडविक कंपनीची ऑटोमाइन सिस्टिम २००४ पासून वापरात आली. त्याआधी १९९९ मध्ये शेडिंग, दिसानायके, नेबोट आणि ड्युरंट-व्हाइट यांनी एलएचडीवर जायरो, चाकं आणि लेझर एकत्र करून केलेल्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. चाकं घसरतात हा त्यांच्याही डोक्याला ताप होता.

लिडारचा स्वभाव यूडब्ल्यूबीच्या नेमका उलट. भिंत किती लांब आहे ते तो सेंटिमीटरमध्ये सांगतो, पण सरळ, एकसारख्या बोगद्यात पुढे-मागे किती सरकलो ते त्याला कळत नाही, कारण पुढचे शंभर मीटर सगळीकडे सारखेच दिसतात. म्हणून दोघांची जोडी जमते. फक्त लिडारच वापरायचा असेल तर भिंतीवर चकाकणाऱ्या पट्ट्या लावा, त्याही असमान अंतरावर. सारख्या अंतरावर लावल्या तर एक पट्टी आणि तिची शेजारीण यात तो गोंधळतो. धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यावरूनही किरण परत येतो; एका किरणाचे एकाहून जास्त प्रतिध्वनी देणारा लिडार घ्या, म्हणजे शेवटचा धरता येतो. काच रोज पुसायची जबाबदारी नावानिशी कुणाला तरी द्या.

नकाशा शिळा होतो हेही ध्यानात घ्या. ब्लास्टनंतर फेस पुढे जातो, डक्ट लांबवतात, शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) मारतात.

पायरी ६ : सगळं एकत्र करा, पण शंका ठेवून

आता चाक, जायरो, खुणा आणि लिडार यांचं एक उत्तर काढायचं. यासाठी बहुतेक ठिकाणी कालमन फिल्टर वापरतात. रुडॉल्फ कालमन यांनी तो १९६० मध्ये मांडला. गणिताला घाबरू नका. त्याचं वागणं असं: चाकाच्या हिशेबाने एक अंदाज बांधायचा आणि तो किती डळमळीत आहे हेही लिहून ठेवायचं, खूण दिसली की दोघांपैकी ज्याच्यावर भरवसा जास्त त्याच्याकडे जास्त झुकायचं.

हे बसवताना तीन गोष्टींचा आग्रह धरा. टायरचा गुणक हा फिल्टरने स्वतः शिकावा, म्हणजे झिजेचा हिशेब दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळातही लागत राहतो. अंदाजापासून फार लांब पडलेलं रिडिंग गप्प बसून नाकारावं, पण सलग बरीच रिडिंग नाकारली गेली तर 'मीच चुकलो असेन' असं धरून नव्याने सुरुवात करावी. नाहीतर फिल्टर हट्टाला पेटतो आणि चुकीच्या क्रॉसकटमध्ये ठाण मांडून बसतो. आणि स्क्रीनवर ठिपक्याबरोबर चुकीची मर्यादा दिसावी. "चार नंबर क्रॉसकट, अधिक-उणे ३ मीटर" आणि "चार नंबर क्रॉसकट, अधिक-उणे ४० मीटर" यात कंट्रोलरने काय करायचं हे पूर्ण वेगळं आहे. ही मर्यादा लपवणारी सिस्टिम मी तरी घेणार नाही, मग ती कितीही देखणी असो.

हिशेब गाडीवरच्याच कॉम्प्युटरमध्ये करा. खाली नेटवर्क जातंच. गेलं तरी गाडीला स्वतःचं स्थान माहीत राहिलं पाहिजे, आणि नेटवर्क आलं की प्रत्येक रिडिंग त्याच्या खऱ्या वेळेसकट वर जायला हवं. सगळ्या सेन्सरांची घड्याळं एकच असली पाहिजेत.

पायरी ७ : गाडी थांबवा आणि तपासा

डेमोमध्ये विक्रेता रिकामी गाडी सरळ ड्राइव्हमध्ये हळू चालवून दाखवेल. तो निकाल बाजूला ठेवा.

तुमची तपासणी अशी करा. सर्व्हेअरबरोबर बसून खाणीत खुणा निवडा: सरळ भागात, वळणावर, जंक्शनच्या तोंडात, डिकलाइनच्या मध्यावर, फेसजवळ. गाडीवर ठरलेल्या जागी प्रिझम (टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणारी काच) लावा. गाडी खुणेवर थांबवा, टोटल स्टेशनने प्रिझम घ्या, सिस्टिमचा आकडा लिहा. हे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीने, शिफ्टच्या सुरुवातीला आणि धूळ उडालेली असताना शेवटाला, दोन्ही दिशांनी करा. दिशा बदलून चूक बदलली तर घड्याळाचा उशीर किंवा अँटेनाची जागा, यापैकी एक गुन्हेगार आहे.

सरासरी चूक बघू नका. शंभरातली पंच्याण्णव रिडिंग किती मर्यादेत आहेत ते बघा, आणि उरलेली पाच कुठे आली ते प्लॅनवर मांडा. ती सहसा एकाच जंक्शनभोवती सापडतात, आणि तिथे एखादा अँकर हललेला किंवा डक्टआड गेलेला असतो. लांबीची आणि रुंदीची चूक वेगवेगळी लिहा. आणि चुकीची लेव्हल दाखवली असं एकदा जरी झालं तर ते वेगळ्या पानावर, लाल पेनने. ते टक्क्यांत मोजायचं नसतं.

परवानग्या आणि कोळसा

कोळशाच्या खाणीत मिथेन असतो, त्यामुळे ठिणगी पडणार नाही असंच उपकरण खाली नेता येतं आणि त्याला धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएमएसची, मान्यता लागते. धातूच्या खाणीत चालणारा लिडार किंवा पॉवर बँक उचलून कोळशाच्या फेसवर नेणं हा सरळसरळ गुन्हा आणि वेडेपणा. रेडिओ उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेची मान्यता आहे का, तेही ऑर्डरच्या आधी बघा; माल आल्यावर नव्हे.

स्थान दाखवणारी सिस्टिम म्हणजे टक्कर टाळणारी सिस्टिम नव्हे, हेही खाणीच्या मॅनेजरला लेखी कळवा. माणूस यंत्राजवळ आला की यंत्र थांबवणारी साधनं वेगळी असतात. अमेरिकेत २०१५ च्या नियमाने कोळसा कापणाऱ्या कंटिन्युअस मायनरवर ती सक्तीची झाली. त्यातली बरीचशी चुंबकीय क्षेत्रावर चालतात, कारण ते कोळशाच्या कोपऱ्याआडूनही पोचतं, आणि कुठल्याही नकाशावर अवलंबून नसतं.

रोजची निगा

सिस्टिम बसवल्यावर ती बिघडते ती सहसा सॉफ्टवेअरमुळे नाही, माणसांमुळे. रूफ बोल्टवाला वाटेत येतो म्हणून अँकर काढून पलीकडे टांगतो. इलेक्ट्रिशियन केबल बदलताना दोन अँकरांची अदलाबदल करतो. गॅरेजमध्ये टायर बदलतात आणि कळवत नाहीत. म्हणून प्रत्येक अँकरवर त्याचा नंबर आणि 'हलवल्यास सर्व्हे ऑफिसला कळवा' असं मोठ्या अक्षरात, कामगार बोलतात त्या भाषेत लिहा. टायर बदलाच्या जॉबकार्डवर कॅलिब्रेशनचा एक रकाना वाढवून घ्या. फेस पुढे गेला की नवा अँकर कोण लावणार, त्याचं स्थान कोण घेणार आणि किती दिवसांत, हे सर्व्हेअर आणि प्रॉडक्शनवाले यांच्यात आधी ठरवून टाका. आणि दर आठवड्याला एक गाडी एका पक्क्या सर्व्हे स्टेशनखाली उभी करून आकडा लिहा. त्या रजिस्टरमध्ये चूक हळूहळू वाढताना दिसली तर टायर तपासा. एकदम उडी दिसली तर अँकर शोधा.